मुरगळलेला घोटा व त्याचे व्यायाम

खो-खोत खांबाला वळसा घालताना किंवा पावसाळ्यात निसरड्या बांधावरून शाळेत येताना पाऊल आतल्या बाजूस दुमडते व घोटा मुरगळतो. ही दुखापत आपल्या शाळांतून इतकी नित्याची आहे की, तिजकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सूज उतरते, विद्यार्थी चालू लागतो आणि तो बरा झाला असे आपण समजतो. परंतु त्याचा तोच घोटा पुनःपुन्हा मुरगळतो, हेही अनेक शिक्षकांच्या पाहण्यात आले असेल. अखेर ‘याचा पाय कच्चा आहे’ असे म्हणून त्यास गुण मोजावयास बसविले जाते. एका निरोगी मुलाचा खेळ असा बंद व्हावा, हे योग्य नव्हे.

घोट्याच्या बाहेरील बाजूस तीन अस्थिबंध असतात. पाऊल आत वळले की, बहुधा त्यांतील पुढच्या बंधास प्रथम इजा होते. हे बंध केवळ दोऱ्या नव्हेत. पाऊल कलू लागल्याची वर्दी देणारे ज्ञानतंतूही त्यांत असतात. ती वर्दी मिळताच पायाच्या बाहेरील अंगाचे स्नायू आकुंचन पावून पाऊल सावरतात. दुखापतीनंतर ही व्यवस्था मंदावते, व पाय न वापरल्यामुळे स्नायूही क्षीण होतात. नुसत्या विश्रांतीने ही दोन्ही उणी भरून निघत नाहीत.

प्रथम दुखापतीविषयी. खेळ थांबवून पाय उंच ठेवावा व थंड पाण्याची घडी ठेवावी. चोळणे व ‘ओढून बसविणे’ कटाक्षाने टाळावे. मुलास चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळील वाढीच्या कूर्चेसही इजा झालेली असू शकते. तसेच काही न लागता सांधा सुजला व सोबत ताप असला, तर तो विषय व्यायामाचा नव्हे. तो संधिवाताचा ताप असू शकतो आणि त्यापासून हृदयाच्या झडपांस अपाय होतो, म्हणून डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

न लंगडता चालता येऊ लागले म्हणजे व्यायामास आरंभ करावा. मुलाने खाली बसून पावलाची बाहेरील कड भिंतीस 5 अंक मोजेपर्यंत दाबून धरावी. असे 10 वेळा. नंतर भिंतीस हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलाव्या आणि तितक्याच सावकाश खाली आणाव्या. खाली आणताना घाई होते, तिकडे लक्ष ठेवावे.

तिसरा व्यायाम सर्वांत मोलाचा, आणि त्यास साधन काहीच लागत नाही: दुखऱ्या पायावर उभे राहणे. प्रारंभी 10 सेकंद, पुढे 30. ते साधले की, एका पायावर उभे असतानाच चेंडू झेलावयास सांगावे. त्यानंतर डोळे मिटून उभे करावे, मात्र आधारास कोणी जवळ असावे. परिपाठाच्या वेळी हा व्यायाम सर्व वर्गाकडून आळीपाळीने दोन्ही पायांवर करून घेतल्यास उत्तम. ज्याचा पाय दुखावला आहे तो एकटा पडत नाही, आणि इतरांचेही घोटे सावध होतात. मुलांना यात स्पर्धा हवी असते. ती थोडी चालू द्यावी.

थकवा आला तर चिंता नको. पण तीव्र कळ आली किंवा दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर प्रमाण कमी करावे. हा क्रम निदान 6 ते 8 आठवडे चालवावा. पाय दुखेनासा झाला की मुले तो सोडतात, आणि नेमका तेथेच शिक्षकाचा आग्रह हवा.

त्यानंतर लंगडी. आपल्या या जुन्या खेळात पोटरी, घोटा व तोल यांचा एकत्र व्यायाम होतो. प्रथम सपाट मैदानावर सरळ रेषेत 10 पावले, मग वर्तुळात, मग दिशा बदलत. हे सर्व न अडखळता जमल्यावर खो-खोत सरळ धावू द्यावे. खांबाचे वळण सर्वांत शेवटी.