सेंद्रिय कोको : प्रमाणपत्र कोणाच्या नावावर?

बोलिव्हियातल्या आल्तो बेनी भागात छोट्या कोको-शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी 1977 मध्ये 'एल सेइबो' हा महासंघ उभारला. दलालांना टाळून माल स्वतःच विकायचा, हा हेतू. एल आल्तो शहरात महासंघाचा स्वतःचा चॉकलेट कारखानाही आहे.

कोकोच्या फळातल्या ओल्या बिया पाच-सहा दिवस आंबवून उन्हात वाळवाव्या लागतात. वजन निम्म्याहून कमी होते, पण चॉकलेटच्या चवीचा पाया इथेच घातला जातो. हे काम गावच्या संस्थेने केले तर त्यातली कमाई गावात राहते. ओला माल उचलणारा व्यापारी ती सोबत नेतो.

सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च एकट्यादुकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून ते गटाला दिले जाते. खरी मेख इथेच. हे प्रमाणपत्र गटाच्या संस्थेऐवजी निर्यातदाराच्या नावावर असेल, तर शेतकरी तोच माल दुसऱ्याला 'सेंद्रिय' म्हणून विकू शकत नाही. रासायनिक शेती सोडल्यानंतरचा संक्रमणकाळ (युरोपच्या नियमांत साधारण तीन वर्षे) मात्र शेतकऱ्यानेच सोसलेला असतो! सेंद्रिय शिक्क्याला भावही मिळतो: न्याय्य व्यापाराचा शिक्का देणाऱ्या फेअरट्रेड संघटनेने 2019 मध्ये सेंद्रिय कोकोला टनामागे 300 डॉलर जादा लागू केले. शिवाय उत्पादक संस्थेला टनामागे 240 डॉलर निधी.

चॉकलेट घेताना सेंद्रियच्या शिक्क्याबरोबर उत्पादक संस्थेचे नाव छापले आहे का, तेही पाहा.