१६४१चे आयरिश बंड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑक्टोबर १६४१मध्ये आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात कॅथलिकांनी प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांविरुद्ध हत्यार उपसले. पावणेचार शतके उलटून गेली, तरी त्या बंडाविषयीचे काही समज अजून टिकून आहेत.

गैरसमज: हा निव्वळ धर्माचा झगडा होता.
वस्तुस्थिती: वादाचे मूळ जमिनीत होते. १६०७मध्ये अल्स्टरचे बडे आयरिश सरदार देश सोडून गेले. इंग्लंडच्या राजसत्तेने त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि १६०९पासून इंग्रज व स्कॉट लोकांना वाटल्या. हाती थोडीफार जमीन उरलेले आयरिश जमीनदार कर्जात बुडाले. त्यात पिकेही गेली. धर्माची भीती होतीच. लंडनमध्ये कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या प्युरिटनांचा जोर वाढत होता.

गैरसमज: राजाची सत्ता उलथण्यासाठीच बंड झाले.
वस्तुस्थिती: म्होरक्या सर फेलिम ओ'नील हा स्वतः जमीनदार आणि डब्लिनच्या पार्लमेंटचा सदस्य. किल्ले घ्यायचे आणि मग राजाशी बोलणी करायची, असा बेत होता. २२ ऑक्टोबरला चार्लमाँटचा किल्ला त्याच्या हाती आला. डब्लिनचा किल्ला घेण्याचा कट मात्र फितुरीने फसला. आपण राजाविरुद्ध नाही, असे बंडवाल्यांनी २४ तारखेला जाहीर केले. पुढे तर राजाच्या नावाचे बनावट फर्मानही दाखवले.

गैरसमज: लाखो प्रोटेस्टंटांची कत्तल झाली.
वस्तुस्थिती: जॉन टेंपलच्या १६४६च्या पुस्तकाने तीन लाखांचा आकडा गाजवला. पण तेवढे प्रोटेस्टंट अल्स्टरमध्ये नव्हतेच. आजचे अभ्यासक मारले गेलेल्यांची संख्या सुमारे चार हजार धरतात. घरातून हाकलल्यावर थंडी, उपासमार आणि रोगराईने दगावलेले आणखी काही हजार.

गैरसमज: मग कत्तलीच्या कथा बनावटच असणार.
वस्तुस्थिती: नाही. पोर्टाडाउनच्या पुलावरून सुमारे शंभर प्रोटेस्टंटांना बॅन नदीत ढकलून बुडवण्यात आले. बंडातून वाचलेल्यांच्या हजारो जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवल्या आहेत. किती गाई गेल्या, किती घोडे गेले, कोणाकडचे येणे बुडाले, कडाक्याच्या थंडीत अंगावरचे कपडे कोणी ओरबाडले, सारे त्यांत नोंदलेले आहे. ऐकीव गोष्टीही त्यांत मिसळल्या आहेत, म्हणून त्या पारखून वाचाव्या लागतात. दुसऱ्या बाजूनेही आयलंडमगीसारख्या ठिकाणी कॅथलिकांना ठार मारले.

गैरसमज: बंड लगेच चिरडले गेले आणि विषय संपला.
वस्तुस्थिती: १६४२मध्ये कॅथलिकांनी किल्केनीत स्वतःचे सरकारच उभारले. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने बंडवाल्यांची २५ लाख एकर जमीन तारण दाखवून मोहिमेसाठी पैसा उभा केला. १६४९मध्ये पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला आणि युद्ध १६५३पर्यंत चालले. १६४१मध्ये आयर्लंडची सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६६०च्या दशकाअखेर ती जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास उरली. गेलेली जमीन परत मिळवायला उठलेल्यांनी होती तीही गमावली.