मीठ दिसलं की पाणी पळालं!

चोचवलेल्या काकडीला मीठ लावा आणि दहा मिनिटं थांबा. वाडग्याच्या तळाशी पाणीच पाणी! म्हणून तर खमंग काकडीत मीठ अगदी पानं वाढताना घालतात. या पाणी सुटण्यालाच विज्ञान परासरण म्हणतं.

मीठ बाहेर, पाणीही बाहेर
पेशीच्या पटलातून पाणी सहज ये-जा करतं, मिठाला मात्र जवळजवळ मज्जावच. मग ज्या बाजूला विरघळलेला माल जास्त, तिकडे पाण्याचा ओघ. काकडीत सुमारे 95 टक्के पाणीच असतं, त्यामुळे तिची गळतीही जोरदार.

बटाट्याची परीक्षा
कच्च्या बटाट्याच्या तीन सारख्या पट्ट्या कापून वजन करा. एक साध्या पाण्यात, दुसरी 1 टक्का आणि तिसरी 5 टक्के मिठाच्या पाण्यात ठेवा. दोन तासांनी टिपून पुन्हा वजन करा. पहिली फुगून जड झालेली. वाकवली की कटकन मोडते. तिसरी हलकी आणि इतकी लुळी, की बोटाला गुंडाळून घ्या! मधलीचं वजन फारसं हलत नाही, कारण बटाट्याच्या पेशीतला रस जवळपास तेवढ्याच जोराचा असतो.

उकडलेला नापास
हाच प्रयोग उकडलेल्या बटाट्यावर फसतो. उष्णतेने पेशींची पटलं फाटलेली असतात. मग मिठाला अडवणार कोण?

साखरेपेक्षा मीठ भारी
मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण सुटे होतात. साखरेचा रेणू वजनदार आणि विरघळूनही एकसंध. त्यामुळे वजनाला वजन घेतलं तर मिठाचा जोर साखरेच्या दहापट भरतो.

मद्यार्क आणि मूत्राशय
1748 साली फ्रान्समध्ये झां-आंत्वान नोले यांनी मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडाला प्राण्याचं मूत्राशय बांधून ते पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरलं आणि मूत्राशय टम्म फुगलं!

मडक्यातून नोबेल
जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्यात कृत्रिम पटल तयार करून आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब, म्हणजेच परासरण दाब, मोजला आणि 1877 मध्ये आकडे छापले. त्या आकड्यांतून रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांनी या दाबाचा नियम काढला. 1901 चं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं.

लोणचं का टिकतं?
कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच ते जिवाणूंच्या पेशींतूनही सुटतं. पाण्यावाचून त्यांची वाढ खुंटते.

उलटी गंगा
समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून अधिक असतो. त्याहून जास्त जोर लावला, तर गोडं पाणी पटलापलीकडे निघतं आणि मीठ मागे राहतं. घरातलं आरओ यंत्र हेच करतं, फक्त कमी दाबावर.

आमटी खारट झाली?
‘बटाटा टाक, मीठ ओढून घेईल,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण उकळत्या आमटीत बटाट्याची पटलं केव्हाच फाटतात. तो मीठ शोषतो खरा, पण सोबत पाणीही शोषतो; उरलेली आमटी खारटच राहते. त्यापेक्षा वाटीभर पाणी आणि थोडी शिजलेली डाळ वाढवा. आमटी सुधारेल, वर एखादा पाहुणाही जेवून जाईल!