लहान राष्ट्राची तटस्थता : मुरगाव बंदराची साक्ष

बलाढ्य राष्ट्रांमध्ये युद्ध पेटले असता एखादे लहान राष्ट्र ‘आम्ही कोणत्याच बाजूचे नाही’ असे जाहीर करते. कोणी त्यास भित्रे म्हणतात, कोणी शांतताप्रिय. वस्तुतः या निर्णयामागे बहुधा भूगोल, व्यापार आणि सैन्यबळ यांचा हिशेब असतो. याचे बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातच आढळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने तटस्थता जाहीर केली. ब्रिटनशी १३७३ पासूनची मैत्री असली, तरी जर्मनीविरुद्ध उभे राहिल्यास स्पेनमार्गे आक्रमणाचे भय होते. जर्मनीस साथ दिल्यास ब्रिटिश आरमारापुढे दूरच्या वसाहती राखणे अशक्य होते. गोव्याला तर जमिनीच्या बाजूने ब्रिटिश हिंदुस्थानाचाच वेढा होता. शिवाय कठीण पोलादासाठी लागणारे टंगस्टन पोर्तुगाल दोन्ही पक्षांना विकत होता. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

युद्ध सुरू होताच एरनफेल्ससह तीन जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगाव बंदरात आश्रय घेतला. पुढे एक इटालियन जहाजही तेथे आले. एरनफेल्सवरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तथापि, तटस्थ बंदरावर उघड हल्ला करणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी स्वयंसेवक दलांतील, बव्हंशी मध्यमवयीन माणसांना एका बार्जमधून गुपचूप पाठविण्यात आले. चारही जहाजे त्यांच्या खलाशांनीच बुडविली आणि ब्रिटिशांचा हात अनेक वर्षे गुप्त राहिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच बंदराने वेगळे दृश्य पाहिले. जपानचे तेइआ मारू आणि तटस्थ स्वीडनचे ग्रिप्सहोम ही जहाजे येथे आली आणि शत्रुदेशांत अडकलेल्या हजारो नागरिकांची अदलाबदल झाली. वैऱ्यांनाही भेटण्यासाठी एखादे अंगण लागते; ते अंगण उपलब्ध करून देणे हीच तटस्थ भूमीची खरी उपयुक्तता होय.

मात्र हे कवच अभेद्य नसते. पोर्तुगालच्याच ताब्यातील पूर्व तिमोरमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन व डच सैन्य उतरले, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि हजारो तिमोरवासी प्राणांस मुकले. दोन्ही पक्षांना सोयीची असते तोवरच तटस्थता टिकते.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ही तटस्थता गोमंतकीयांना विचारून ठरलेली नव्हती. बंदर शांत होते, जनता पारतंत्र्यात होती. नागरी हक्कांसाठी १८ जून १९४६ रोजी मडगावात आवाज उठला. मुक्ती मिळण्यास १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धास सज्ज झाले, तो प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितला आहे. सिद्धार्थ तेव्हा गप्प बसला नाही. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी वाद मिटवावा, असा प्रस्ताव त्याने संघापुढे ठेवला. तो फेटाळला गेला आणि विरोधाची किंमत म्हणून त्याला गृहत्याग करावा लागला. युद्धापासून स्वतःला वाचविणे ही तटस्थता. युद्धच टळावे म्हणून झीज सोसणे ही मैत्री. लहान राष्ट्राला पहिल्या मार्गासाठी दोष देता येणार नाही. परंतु दोन्हींतील अंतर आपल्या विद्यार्थ्यांनी ओळखले पाहिजे.