पोरगा पुस्तक का धरत नाही?

"मुलगी वाचते हो, पण पोरगा पुस्तकाला हात लावत नाही." अक्कलकोटात हळदी-कुंकवाला हे हमखास कानी येतं. मैत्रिणींनो, आपण त्याच्या हाती देतो काय? बोधकथा, नाहीतर गाइड!

त्याला हवी असते पळापळ, क्रिकेट, चोर-पोलीस. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकल दामटत चोरांचा माग काढतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात.

आपल्या सीमेवरच्या तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. अशा घरातला पोरगा पुस्तकातल्या मराठीला अडखळतो, वर्गात हसं होतं आणि तो पुस्तकच मिटतो. म्हणून आधी दोन पानं आपण मोठ्यानं वाचावीत. गोष्ट रंगात आली की भाकरी थापायचं निमित्त करून उठावं. पुढं काय झालं, हे त्यालाच आपल्याला वाचून दाखवू द्या. चुकला तर टोकू नका, तात्पर्य विचारू नका.

आणि हो, रात्री त्याच्या बाबांच्या हातीही पुस्तक द्या. वाचन म्हणजे बायका-मुलींचं काम, असं पोराला वाटता कामा नये.