सातवी टोपी

आमच्या पंतनगरमधल्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा २०२३च्या ऑक्टोबरात लागोपाठ दोन रविवार चालली, आणि दोन्ही रविवारी कोणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही. ज्यांनी अशा सभा पाहिल्या आहेत त्यांना यात विशेष काय ते सांगायला नको. श्रेय माझं नव्हतं, एडवर्ड डी बोनो यांचं होतं. त्यांच्या सहा टोप्यांची पद्धत मी अनेक वर्षं वाचत होतो, छोट्या गटांत करून पाहत होतो. म्हणून सभा चालवायचं काम माझ्याकडे आलं. त्या सभेत जे राहून गेलं, ते का राहिलं याचा शोध म्हणजे हा लेख.

आधी पद्धत. डी बोनो माल्टाचे, जन्म १९३३चा, शिक्षण वैद्यकाचं. १९६७मध्ये त्यांनी ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि १९८५मध्ये ‘सिक्स थिंकिंग हॅट्स’ हे पुस्तक लिहिलं. पांढरी टोपी माहितीची, लाल भावनेची, काळी धोक्यांची, पिवळी फायद्यांची, हिरवी नव्या कल्पनांची आणि निळी विचाराचं नियोजन करणारी. रंगांची ही यादी पुष्कळांना पाठ असते. पद्धतीचा गाभा मात्र यादीत नाही. एका वेळी सगळ्यांनी एकच टोपी घालायची, हा खरा नियम. आपल्याकडे कार्यशाळांमध्ये सर्रास ‘तुम्ही काळी टोपी, तुम्ही पिवळी’ असं वाटप होतं. त्याने पुन्हा वादच होतो, फक्त रंगीत. पुनर्विकासाला कडाडून विरोध करणाऱ्या काकांनाही दहा मिनिटं फक्त फायदे सांगावे लागतात, आणि बिल्डरची बाजू घेणाऱ्याला दहा मिनिटं फक्त धोके. माणूस आपल्या मतापासून तेवढा वेळ सुटा होतो.

टोप्या मात्र मी आणल्या नाहीत. एक तर मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं आणि टोपी फिरवणं म्हणजे शब्द बदलणं. बिल्डरच्या विषयात तर ‘चला, टोपी घालूया’ म्हणायची सोयच नाही. दुसरं, आमच्या भागात रंग रिकामे नाहीत. पांढऱ्या टोपीला, काळ्या टोपीला आपापला इतिहास आहे, आणि रमाबाई आंबेडकर नगरच्या शेजारी राहून निळा रंग ‘सभेच्या नियोजनाचा’ असं सांगितलं तर लोक हसतील. मी सहा पुठ्ठ्यांवर सहा प्रश्न लिहिले आणि एकेक पुठ्ठा भिंतीला टेकवत गेलो. वाचकांच्या सोयीसाठी इथे टोपी हाच शब्द ठेवतो.

इमारत बत्तीस खोल्यांची. काळ्या टोपीखाली तेवीस मुद्दे निघाले: बँक गॅरंटी, काम अर्धवट राहिलं तर काय, संक्रमण काळातलं भाडं, कॉर्पस फंड, देखभालीचा वाढणारा खर्च. मी खूश होतो. कायद्यानेही सारं नीट होतं. राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९च्या, कलम ७९-अ खालच्या निर्देशांप्रमाणे दोन तृतीयांश गणपूर्ती लागते आणि ५१ टक्के सभासदांची संमती. आमच्याकडे दोन्ही भरपूर होतं.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी पुठ्ठे गोळा करत असताना तळमजल्याच्या खिडकीतून बांनी हाक मारली. बा म्हणजे सगळ्या इमारतीच्या बा, वय ऐंशीच्या पुढे. खोली पहिल्यापासून त्यांच्या दिराच्या नावावर, दीर गेल्यावर पुतण्याच्या. पुतण्या सुरतेला; तो गाडीने आला, सही केली, बोटही वर केलं आणि परत गेला. सभा बांच्या खिडकीसमोरच्या आवारातच भरली होती, त्यामुळे त्यांनी दोन्ही दिवस सगळं ऐकलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “भाई, नक्की झालं ना? मग मी कुठे जायचं?”

भाड्याचा चेक सभासदाच्या नावे निघणार. नवी खोली सभासदाची. माझ्या तेवीस मुद्द्यांत बा नव्हत्या.

त्यानंतरची दोन वर्षं मी वहीत नव्या टोप्या जमवत बसलो. नीतीची टोपी, काळाची टोपी, पैशाची, परंपरेची, पर्यावरणाची अशा अकरा झाल्या. सहज सुचतात, हाच त्यांचा दोष. कोणताही चांगला शब्द घ्या, त्याची टोपी होते. पण नवी टोपी ‘चांगली’ असून भागत नाही. जुन्या सहांना जे काम करताच येत नाही, ते तिने करायला हवं. ही कसोटी मला डी बोनो यांच्याकडे सापडली नाही. ती गल्लीतल्या जैन शेजाऱ्यांमुळे सापडली. त्यांनी पंडित सुखलालजींचं तत्त्वार्थसूत्रावरचं विवेचन माझ्या हातात ठेवलं.

जैन तत्त्वज्ञानात ‘नय’ म्हणजे वस्तूकडे पाहण्याची एक बाजू. संग्रहनय सामान्य पाहतो: ‘इमारत’. व्यवहारनय भेद पाहतो: ‘बत्तीस खोल्या’. ऋजुसूत्रनय फक्त आत्ताचा क्षण पाहतो: ‘आज गळते ती गच्ची’. पुढे शब्दावर आधारलेले नय येतात. गंमत अशी की नय किती, यावर त्या परंपरेतच एकमत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात सात नय एका ओळीत मोजले आहेत. श्वेतांबर पाठात मूळ पाच आणि मग त्यांतल्या काहींचे पोटभेद. सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्क’मध्ये सहाच धरले. त्यांनी नैगमनय वगळला.

हा नैगमनय मोठा गोड आहे. कुऱ्हाड घेऊन जंगलात निघालेल्या माणसाला विचारलं, कुठे चाललास? तो म्हणतो, ‘माप आणायला.’ माप अजून झालेलं नाही, लाकूडही तोडलेलं नाही, पण हेतूच्या दृष्टीने तो माप आणायलाच चालला आहे. आपणही अर्ज घेऊन म्हाडाच्या ऑफिसात खेटे घालताना ‘घर बांधतोय’ म्हणतोच. सिद्धसेनांचं म्हणणं असं की संग्रह आणि व्यवहार या दोहोंत याचं काम भागतं, मग वेगळा कशाला? त्याच ग्रंथात ते असंही सांगतात की बोलण्याच्या जितक्या वाटा तितके नय. म्हणजे संख्या अमर्याद आहे हे मान्य करूनही, वेगळा मोजायचा तर तो दुसऱ्यात विरघळता कामा नये. आणखी एक अट सगळ्यांनाच मान्य आहे: जो नय बाकीच्यांना खोटं ठरवून एकटाच खरा होऊ पाहतो, तो दुर्नय.

या चाळणीतून माझ्या दहा टोप्या खाली पडल्या. पैसा पांढऱ्या, पिवळ्या, काळ्यात वाटला जातो. काळाची टोपी म्हणजे काळीच, पुढची तारीख घातलेली. नीतीची टोपी तर दुर्नय होते. ती डोक्यावर येताच बाकीच्यांचं बोलणं बंद पडतं. उरली एक: ‘इथे कोण नाही?’

तिच्यावर तीन आक्षेप आहेत, आणि ते मी स्वतःच घेतले. पहिला: ही माहितीच आहे, मग पांढरी टोपी पुरेल. पण पांढरी टोपी आमच्या सभेत वीस मिनिटं होती. तिने उपस्थितांनाच विचारलं. दुसरा: डी बोनो यांच्या शाळांसाठीच्या ‘कॉर्ट’ पाठांत ‘इतरांची मतं’ नावाचं साधन आहेच. आहे, आणि ते चांगलं आहे. मात्र त्यात बसल्या जागी दुसऱ्याच्या मताचा विचार करायचा असतो. बांच्या मताची कल्पना मी केली असती तर ‘म्हातारीला भाड्याची काळजी असेल’ एवढ्यावर थांबलो असतो.

तिसऱ्या आक्षेपावर मी वर्षभर अडलो. कुणाला बोलवायचं हे ठरवणं निळ्या टोपीचं काम नाही का? सभेची आखणी तीच करते. उत्तर मला पद्धतीच्या क्रमात मिळालं. निळी टोपी सुरुवातीला असते आणि शेवटी. सुरुवातीला कोण गैरहजर आहे हे कळू शकत नाही, कारण निर्णयाचे फायदे-तोटे अजून मांडलेलेच नसतात. ते पिवळ्या आणि काळ्या टोपीनंतर मांडले जातात; तेव्हाच एकेका मुद्द्यावर बोट ठेवून विचारता येतं की हा कुणाच्या अंगावर पडणार, आणि तो इथे आहे का? शेवटी विचारावं तर ठराव लिहून झालेला असतो. शिवाय निळी टोपी बहुतेक वेळ एकाच्याच डोक्यावर असते, आणि ज्याने बोलावण्याची यादी केली त्यालाच यादीतली भोकं शोधायला सांगणं व्यर्थ आहे. तो मीच होतो, म्हणून खात्रीने सांगतो. तेव्हा ही टोपी मध्ये, आणि सगळ्यांच्या डोक्यावर.

तिचा नियम एकच. गैरहजराच्या वतीने बोलायचं नाही. नाव लिहायचं, आणि त्याच्याकडे कोण जाणार ते लिहायचं. मग सभा तहकूब. हिरवी टोपी तो निरोप आल्यावरच.

हिरवी टोपी नंतर का, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं हे सगळे गृहीत धरून असतात. तिथे ते कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं गेलं, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसाला पाणी नाही असं ठरलं. साळुंख्यांनी टोप्या वापरल्या नव्हत्या. पण ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांना पाण्याच्या हिशेबात धरलं की एकर हे मापच निकामी होतं, आणि नवं माप शोधावं लागतं.

आमच्याकडे मी बांकडे गेलो. भाड्याचं बोलणं पाच मिनिटांत संपलं. पुतण्याशी लेखी करार करायचं ठरलं आणि पुढे तो झालाही. नंतर त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन गोदरेजचं कपाट दाखवलं. मांडीएवढ्या उंचीवर गंजाची आडवी रेघ होती. २६ जुलै २००५ची. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पाणी रस्त्याने आलं नाही, मागच्या कोपऱ्यातून आलं, असं बा म्हणाल्या. वरच्या मजल्यांवरचे निम्मे सभासद २००५नंतर राहायला आलेले. उरलेल्यांनी पाणी जिन्यातून वरून पाहिलं होतं. आराखड्यात विजेच्या मीटरची खोली नेमकी त्या मागच्या कोपऱ्यात, जमिनीच्या पातळीला होती.

पुढच्याच मे महिन्यात, १३ मे २०२४ला, आमच्याच घाटकोपर पूर्वेला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक वादळात कोसळला. नियमाने ४० बाय ४० फुटांपर्यंत परवानगी. हा १२० बाय १२० होता. पाऊस आला म्हणून लोक पंपावर थांबले होते. १७ माणसं गेली. फलकाचं भाडं, जागा, आकार यांवर कुठे ना कुठे कागद झाले असतील, बैठका झाल्या असतील. पेट्रोल भरायला रांगेत उभा राहणारा माणूस अशा बैठकीला कधीच नसतो, आणि त्याचं नाव आधी कुणाला ठाऊकही नसतं. माझ्या टोपीचा नियम इथे अडतो. नाव लिहा म्हटलं तर काय लिहायचं? निरोप घेऊन कुणाकडे जायचं? सध्या मी त्या पुठ्ठ्यावर ‘खाली उभा असेल तो’ असं लिहितो आणि एका सभासदाला प्रत्यक्ष त्या जागेवर तासभर उभं राहायला पाठवतो. हा उपाय कच्चा आहे.

आमच्या आराखड्यात मीटरची खोली आता पहिल्या मजल्यावर गेली आहे. बा संक्रमणाच्या काळात त्याच गल्लीत, तळमजल्यावर राहतात. कपाट त्यांनी सोबत नेलं.