देवळातलं कासव, पोत्यातलं कासव

महादेवाच्या देवळात नंदीला नमस्कार करून पुढे गेलं की जमिनीवर दगडी कासव दिसतं. त्याला हात लावूनच आपण गाभाऱ्याकडे वळतो. पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडायची रीतही आपल्याकडे जुनी. याच प्राण्याची आपल्या देशात खाण्यासाठी पोत्यांनी वाहतूक होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं.

जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात पोलिसांच्या विशेष पथकाने एका घरावर छापा घातला. आत ६,४०० हून अधिक जिवंत कासवं निघाली, वजन चार टनांच्या वर! तळी-कालव्यांत राहणारी ही मऊ पाठीची कासवं. पाय आत ओढले की पोटाकडच्या कातडी झडपा बंद होतात. तळं आटलं की ती चिखलात रुतून बसतात, आणि शिकारी लोखंडी सळईने चिखल टोचत त्यांना हुडकतात. नदीत गळ लावतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचा माल नाही. खाणं न देताही कासव बरेच दिवस जिवंत राहतं, त्यामुळे बर्फाचाही खर्च नाही. हा माल मुख्यतः बंगालकडे जातो. तिथे हिवाळ्यात या मटणाला गिऱ्हाईक असतं. कवचाच्या कडेचा मऊ भाग वाळवून पूर्व आशियात पाठवतात, सूप आणि औषधासाठी.

कोंबडी-बकरी चालते, मग कासव का नको, असं कुणी विचारेल. कोंबडी काही आठवड्यांत तयार होते. कासवाला वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लांपैकी फार थोडी मोठी होतात. म्हणून एक मोठी मादी पकडली की पुढच्या अनेक वर्षांची अंडी तिच्याबरोबर जातात.

राजस्थानातल्या वाचकांना जवळचं उदाहरण चंबळचं. विणीच्या काळात डोक्यावर लाल-पिवळे पट्टे मिरवणाऱ्या नरांची एक जात तिथे राहते. पूर्वी ती गंगेतही होती. आता चंबळ हाच तिचा शेवटचा मोठा आसरा. वाळूतली अंडी कोल्ह्यांपासून वाचवून पिल्लं नदीत सोडायचं काम तिथे चालतं.

गोदावरी, भीमा, कृष्णेतलं लीथचं मऊ पाठीचं कासवही असंच संकटात आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या दोन्ही जातींच्या व्यापारावर सर्वांत कडक बंधन आलं. देशातला कायदाही कडक आहे. या तिन्ही जाती पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकार किंवा विक्री सिद्ध झाली तर किमान तीन वर्षं कैद आणि २५,००० रुपये दंड. घरी टाकीत पाळणंही गुन्हाच, मग वास्तुशास्त्रात काहीही सांगितलेलं असो.

पकडलेली कासवं सोडायची कुठे, हाही प्रश्नच असतो. ती कोणत्या तळ्यातली, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे खबर आधी मिळाली तर बरं. महाराष्ट्रात बाजारात कासव दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा.